टाळ्यांसकट

भाचा बेंगळुरूहून आलाय. नोकरी चांगली, पगार चांगला, आणि डोक्यावर जे हेडफोन आहेत त्यांच्या किमतीत आमच्या घरचं दोन महिन्यांचं वाणसामान येईल. सकाळी मी पिंक फ्लॉइड या इंग्रजी रॉक बँडचा 'पल्स' हा लाइव्ह अल्बम लावून पोहे खात बसलो होतो. साहेबांनी एक कान मोकळा केला आणि म्हणाले, "मामा, लाइव्ह कशाला ऐकतोस? ओरिजिनल परफेक्ट आहे की. हे म्हणजे तेच, फक्त टाळ्या जास्त."

फक्त टाळ्या जास्त.

बहीण समोर होती म्हणून गप्प बसलो. आता घरातले सगळे आडवे झालेत, बाहेर सकाळपासून झड लागलीय, शेजारी चहा आहे. तर ऐक रे बाळा. तुला टॅग करणार नाही, पण तू वाचणार हे मला माहीत आहे.

आधी मला सांग, ओरिजिनल कशाला म्हणतोस तू? 'पल्स'मध्ये पुन्हा वाजवलेली 'द डार्क साइड ऑफ द मून' ही तबकडी बाजारात आली मार्च १९७३ मध्ये. त्याआधी वर्षभर हे चौघं तीच गाणी गावोगाव स्टेजवर वाजवत फिरत होते. जानेवारी १९७२ मध्ये ब्रायटनला लोकांसमोर वाजवायला घेतली, तर 'मनी' चालू असताना टेपनं दगा दिला आणि पुढचं तिथंच सोडून द्यावं लागलं. 'ऑन द रन'च्या जागी तेव्हा गिटार-कीबोर्डची जुगलबंदी असायची. 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये तर आलाप घेणारी ती बाईच नव्हती, ऑर्गन होता आणि बायबलमधली वचनं होती. म्हणजे प्रयोग आधी, छापील संहिता मागनं. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि इथल्या पोराला हे मी समजावून सांगायचं? वन्स मोअर मिळाल्यावर तिसऱ्यांदा गायलेलं पद पुस्तकात छापलेलं सापडतं काय?

असो. मला सांगायचंय ते दादाचं.

साल १९९६. बेळगावात शहापूरला मामाचं घर. थोरला मामेभाऊ, आमचा दादा, नुकताच उद्यमबागेत एका फाउंड्रीत लागला होता. तोवर आमच्याकडे 'डार्क साइड' होती ती खडेबाजारातल्या एका दुकानातून भरून घेतलेली साठ मिनिटांची कॅसेट. सुरुवातीला हळूहळू वर येणारी हृदयाची धडधड आहे ना, दुकानदाराला वाटलं टेप रिकामीच चाललीय. त्यानं ती उडवली आणि थेट किंकाळीपासून भरलं. अल्बम त्रेचाळीस मिनिटांचा, मग दोन्ही बाजूंना जागा उरली. टेप वाया जाऊ नये म्हणून सज्जन माणसानं तिथं डॉ. राजकुमारची कन्नड गाणी भरून दिली. पहिल्या बाजूला त्या बाईचा आर्त आलाप विरत जातो आणि लगेच राजकुमार! माझ्या डोक्यात तो अल्बम आजही तसाच वाजतो. हे आमचं परफेक्ट ओरिजिनल. (राजकुमारबद्दल तक्रार नाही हं, आवाज काय होता त्या माणसाचा.)

मग दादाचा एक मित्र बोटीवर नोकरीला होता, त्यानं 'पल्स'च्या सीड्या आणून दिल्या. त्या जाड खोक्याच्या कण्यात एक बारका लाल दिवा बसवलेला, आत सेल, आणि तो दिवा रात्रंदिवस लुकलुकायचा. आजी रात्री पाणी प्यायला उठायची, कपाटावरचा लाल ठिपका बघायची आणि म्हणायची, "अजून जागंच हाय की ते."

पहिल्यांदा ऐकलं ती जुलैची रात्र. दादा सेकंड शिफ्ट करून आलेला, अंगाला वाळूचा नि तेलाचा वास, ताट झाकून ठेवलेलं. त्यानं हात धुतले आणि जेवायच्या आधी दुसरी डिस्क लावली. तिच्यात अख्खी 'डार्क साइड' सलग आहे, मध्ये बाजू पलटायची भानगड नाही. धडधड सुरू झाली. आम्ही ती जन्मात ऐकली नव्हती! मी म्हटलं, "दादा, प्लेअर बिघडला काय?" तर तो म्हणाला, "गप की रे. लोकं बघ कशी ओरडूल्यात."

त्या गल्लीत हे ऐकणारे आम्ही दोघंच. बाकीच्यांना ते भुताटकीचं वाटायचं. मामा तर सरळ म्हणायचा, "ते रडणं बंद करा." त्या रात्री हजारो माणसं एकदम ओरडली तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं की आपण दोघं वेडे नाही, किंवा असलो तरी एकटे नाही. हेडफोन घालून एकट्यानं ऐकणाऱ्याला हे काय कळणार?

आता तू म्हणशील 'पल्स'मध्ये मूळ चौघांतला रॉजर वॉटर्स नाही. नाही. १९८५ मध्येच तो बाहेर पडला. आणि 'डार्क साइड'चे शब्द सगळे त्याचे. मान्य, शब्दांपुरतं मान्य.

आणि हेही म्हणशील की 'पल्स'मध्ये चुकलेल्या जागी दुसऱ्या रात्रीचे तुकडे जोडलेत. जोडलेत. पण तो तुकडाही कुठल्या तरी गावात लोकांसमोरच वाजला होता ना? काचेच्या खोलीत बसून नाही केला.

एका ठिकाणी मात्र मी हरतो. 'ग्रेट गिग'. क्लेअर टोरी नावाची पंचवीस वर्षांची बाई जानेवारी १९७३ मधल्या एका रविवारी ॲबी रोडच्या स्टुडिओत आली, शब्दच नाहीत म्हटल्यावर नुसता आवाज लावला, तीस पौंड घेतले आणि घरी गेली. तिला वाटलं, हे काही वापरणार नाहीत. पुढे २००४ मध्ये तिनं दावा लावला, तडजोड झाली, आणि तेव्हा कुठं रचनेत तिचं नाव लागलं. तीस वर्षं लागली! 'पल्स'मध्ये तेच तिघी मिळून गातात, सॅम ब्राउन, डर्गा मॅकब्रूम आणि क्लॉडिया फॉन्टेन. छान गातात. पण तिघी मिळून ती एक होत नाही. एवढ्या एका गाण्यासाठी तुझे हेडफोन मी मागून घेईन.

पण 'टाइम'? 'टाइम'वर मी ऐकून घेणार नाही.

वेळ कसा हातातून निसटला, उमेदीची वर्षं कशी फुकट गेली, असं ते गाणं. लिहिलं तेव्हा वॉटर्स अठ्ठावीसचा, ते गाणारा गिटारवाला गिलमोर सव्वीसचा. सव्विसाव्या वर्षी कसली वर्षं गेली रे तुमची? ते नुसतं ऐकीव ज्ञान. 'पल्स'च्या वेळी, १९९४ मध्ये, तोच गिलमोर अठ्ठेचाळीसचा आहे आणि मधल्या ओळी म्हणणारा कीबोर्डवाला रिचर्ड राइट एक्कावन्नचा. राइटचा आवाज तिथं जरा खरखरतो. स्टुडिओत आवाज असा गुळगुळीत, आणि इथं म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात शब्द अडकल्यासारखा. आता त्याला काय त्या ओळी कुणी समजावून द्यायला नकोत. २००८ मध्ये गेला तो.

आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व. क्षयानं एक फुफ्फुस निकामी झालं, कित्येक वर्षं गाणं बंद होतं. त्यानंतर जे गायले ते तुटक श्वासाचं गाणं. त्याला कुणी म्हणालं काय, आधीचं परफेक्ट होतं, हे तेच आहे फक्त श्वास कमी?

चिडलोय खरा. चहा गार झाला, दुसरा टाकून आलो.

तुमच्या पिढीला सगळं घासूनपुसून पाहिजे. कागदावर आहे तेच खरं. तसं बघितलं तर १ नोव्हेंबर २०१४ पासून आपल्या गावाचंही कागदावरचं व्हर्जन 'बेळगावी' आहे. चालू द्या. गावात लाइव्ह काय वाजतं ते बसस्टँडवर उभं राहून ऐक.

आणि लाइव्ह म्हणजे काय, तर पडायची भीती. १२ ऑक्टोबर १९९४, लंडनचं अर्ल्स कोर्ट, पिंक फ्लॉइडची तिथली पहिलीच रात्र, आणि बाराशे माणसांचा स्टँड खाली बसला. जीव कुणाचा गेला नाही, पण कार्यक्रम रद्द. तरी पुढची तारीख देऊन त्याच ठिकाणी चौदा रात्री वाजवलं त्यांनी, आणि लोक परत येऊन बसले. 'पल्स'मधल्या गलक्यात ही माणसंही असणार. मला तर ऐकताना तेच डोळ्यासमोर येतं.

परत दादाकडे येतो. 'मनी' सात मात्रांचं आहे. दादा दोन वर्षं तबला शिकलेला, त्यानं त्या रात्री ताटाच्या काठावर रूपक धरला. गिटारचा तुकडा सुरू झाला की गाणं सातावरून चारावर उडी मारतं, तिथं त्याचा हात हमखास चुकायचा. मग तो गिलमोरला अशी अस्सल शिवी हासडायचा की आत मामी खोकायची. सॅक्सोफोन मात्र दोन्हीकडे डिक पॅरीचाच, १९७३ लाही आणि १९९४ लाही. दादाला त्याचं फार कौतुक. म्हणायचा, एकवीस वर्षांनी त्याच मशीनवर तोच माणूस.

दादा स्वतः पंचवीसच्या वर वर्षं त्याच कामावर होता. दिवसभर कास्टिंग घासणं, ग्राइंडर, हातोडे. सुरुवातीला कानात कापूस घालायचा, मग तोही सोडला, सुपरवायझरची हाक ऐकू येत नाही म्हणून. आता त्याचे कान गेलेत. सगळे नाहीत. वरचा बारीक आवाज गेलाय, खालचा जाडा राहिलाय. दारावरची बेल नाही ऐकू येत, ट्रक येतो. नातीचं बोलणं नाही ऐकू येत, ढोल येतो. मशीन कानाला लावलं तर सगळंच खडखडतं म्हणतो, आणि काढून ठेवतो.

गेल्या महिन्यात गेलो होतो. म्हणाला, "लाव की ते." मी आधी स्टुडिओतलंच लावलं, आवाज स्वच्छ आहे म्हणून, त्याला बरं पडेल म्हणून. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मीही तुझ्यासारखाच विचार केला होता. तो स्पीकरवर तळवा ठेवून बसला. धडधड लागली हाताला. पुढे 'टाइम' आलं. सुरुवातीला ती घड्याळं एकदम वाजतात ना, ॲलन पार्सन्सनं एकेक घड्याळ वेगवेगळं रेकॉर्ड करून आणलेलं. सगळ्या जगाला दचकवणारी जागा. मी दादाकडे बघत होतो. तो शांत. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "घड्याळं झाली काय रे?"

मी म्हटलं, झाली.

"माझी बुडाली तर," म्हणाला आणि हसला. मला काही हसू आलं नाही.

मग म्हणाला, "आपलं लाव. टाळ्यांचं." लावलं. परत तळवा स्पीकरवर. घड्याळं त्यातही त्याला ऐकू आली नाहीत, पण तिथं लोकांचा गलका उठतो, आणि तो गलका जाडा असतो. दादानं लगेच बोट वर केलं. "झाली. आता ड्रम." आणि निक मेसनचा पहिला ठोका त्यानं माझ्या गुडघ्यावर बरोबर धरला. तीस वर्षांपूर्वी ताटावर चुकायचा तो हात.

तर 'फक्त टाळ्या जास्त' आहेत, हे खरंच आहे म्हणा.

खोक्यातला दिवा कधीच विझलाय. आजीनंतर त्याच्याकडे रात्री कोण बघणार. मामीनं फेकून दिलं असेल असं मला वाटलं होतं, पण कपाटावर अजून तिथंच आहे ते, धुळीत.

भाच्या, जागा झालास की वाच. संध्याकाळी पाऊस उघडला तर शहापूरला जाणार आहे. हेडफोन घरी ठेव आणि चल. वाटेत पेन्सिल सेल घ्यायचाय एक.