‘स्विफ्टच्या पैशांत बीएमडब्ल्यू’: गटागटांत फिरणाऱ्या एका संदेशाला उत्तर

सध्या सांगली, मिरज, तासगाव, विटा या पट्ट्यातल्या घरगुती आणि गाववाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचे सार असे आहे. नव्या स्विफ्टच्या किमतीत डीलरकडे सात-आठ वर्षे वापरलेली बीएमडब्ल्यू, ऑडी किंवा मर्सिडीज सेडान मिळते, मग नवी छोटी गाडी घेणे म्हणजे मूर्खपणा. त्या जुन्या सेडानचा देखभालीचा खर्च बाहेरच्या मिस्त्रीकडे स्विफ्टएवढाच येतो. दिल्ली पासिंगची गाडी सर्वांत स्वस्त पडते, ती नावावर करण्याची घाई करू नये, सही केलेले टीटी फॉर्म (मालकी हस्तांतराचे अर्ज) जवळ ठेवावेत, बारा महिने कोणी विचारत नाही आणि विमा गाडीबरोबर आपोआप येतो. पुरात भिजलेली गाडी मिळाली तर उत्तमच, कारण धुऊन वाळवली की ती पूर्ववत होते. डिजिटल मीटर मागे घेता येत नाही, डीलर दोनशे मुद्द्यांची तपासणी करून वॉरंटी देतो आणि बिल घेतले नाही तर 18 टक्के जीएसटीही वाचतो.

विट्यात राहणाऱ्या माझ्या पुतण्याने हा संदेश मला पाठवला तो सल्ला विचारण्यासाठी नव्हे. पुण्यातल्या एका डीलरकडची दिल्ली पासिंगची बीएमडब्ल्यू थ्री सिरीज त्याने पसंत केली होती, दुसऱ्या दिवशी टोकन द्यायला तो निघणार होता आणि ‘काका, गाडी ठरली’ हे कळवताना पुरावा म्हणून त्याने हा संदेश जोडला होता. मोटार विम्याचे दावे हाताळणे हे माझे रोजचे काम आहे. या संदेशातल्या सल्ल्यांनी माणसे कशी अडकतात ते मी कागदांवर पाहतो, त्यामुळे घरच्याच मुलाने तो प्रमाण मानावा याचा मला मनापासून राग आला. या संदेशातले सगळे दावे सारखे घातक नाहीत, म्हणून सगळ्यांना सारखी जागा देण्याचेही कारण नाही.

किमतीच्या दाव्यात निम्मे तथ्य आहे आणि ते मान्य करावे लागते. महागड्या सेडानची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते, तो तोटा पहिला मालक सोसतो आणि दुसऱ्या मालकाला चांगली गाडी खरोखर स्वस्तात मिळू शकते. मात्र गाडीची किंमत उतरली म्हणून तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. हेडलाइट, गिअरबॉक्स, सस्पेन्शन यांचे दर पन्नास लाखांच्या गाडीचेच राहतात. बीएमडब्ल्यूच्या जुन्या 320डी आणि 520डी या डिझेल गाड्यांतल्या एन47 इंजिनाची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली आहे. ती झिजून आवाज करू लागली की बदलण्यासाठी गिअरबॉक्स किंवा आख्खे इंजिनच उतरवावे लागते आणि तिकडे दुर्लक्ष केल्यास चेन तुटून इंजिन निकामी होते. स्विफ्टचा मिस्त्री कितीही कसबी असला तरी त्या कामाचे बिल स्विफ्टएवढे येणार नाही. शिवाय बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलांत रन-फ्लॅट (पंक्चर होऊनही काही अंतर चालणारे) टायर असल्यामुळे स्टेपनी नसते, ही गोष्ट आटपाडीच्या रस्त्यावर रात्री कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी.

या संदेशातला सर्वांत घातक भाग नावावर न करण्याचा आहे. बारा महिन्यांची सवलत हा त्यातला अर्धसत्याचा तुकडा, कारण मोटार वाहन कायदा 1988च्या कलम 47मध्ये बारा महिन्यांचा उल्लेख खरोखरच आहे. परराज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, असे ते कलम सांगते. ते क्रमांकाविषयी आहे, मालकीविषयी नाही. मालकी बदलल्याची नोंद कलम 50मध्ये येते आणि तिथे विकत घेणाऱ्याला फक्त तीस दिवस दिले आहेत. विकणाऱ्याने गाडी त्याच राज्यात विकली तर चौदा दिवसांत आणि राज्याबाहेर विकली तर पंचेचाळीस दिवसांत कळवायचे असते. संदेश लिहिणाऱ्याने कलम 47मधला आकडा उचलून कलम 50च्या जागी चिकटवला आहे.

नोंद न केल्याने काय होते हे सर्वोच्च न्यायालयाने 6 फेब्रुवारी 2018 रोजी ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या निकालात स्पष्ट केले आहे. त्या प्रकरणातली गाडी मूळ मालकाने 2007 मध्ये विकली होती, पुढे ती एकामागून एक अनेकांच्या हाती गेली, पण आरटीओच्या दप्तरी नाव पहिल्याच मालकाचे राहिले आणि 2009 मध्ये त्या गाडीचा जीवघेणा अपघात झाला. गाडी प्रत्यक्षात कोणाच्या ताब्यात होती याला महत्त्व न देता, नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि म्हणून भरपाईची जबाबदारी त्याची, असे न्यायालयाने ठरवले. अपघातग्रस्ताने भरपाईसाठी एका खरेदीदाराकडून दुसऱ्याकडे शोध घेत फिरावे, ही अपेक्षा न्यायालयाने फेटाळली.

हे सांगितल्यावर पुतण्याने लगेच विचारले, “मग जबाबदारी दिल्लीवाल्यावर येते, माझं काय जातंय?” हा प्रश्न अनेकांच्या मनात येईल, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो. पहिली गोष्ट म्हणजे गाडी चालवणाऱ्याची स्वतःची जबाबदारी, फौजदारीही आणि भरपाईचीही, नोंदणी कोणाच्या नावावर आहे यामुळे संपत नाही. दुसरी गोष्ट विम्याची. त्याच कायद्याच्या कलम 157नुसार मालकीबरोबर विमा हस्तांतरित झाला असे मानले जाते ते तिसऱ्या पक्षाच्या, म्हणजे अपघातात सापडलेल्या इतरांच्या, नुकसानीपुरते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा कंपनीने नव्या मालकाच्या नावाने मान्य केल्याशिवाय त्याला लागू होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच सांगितले आहे. नाव बदलासाठी विमा कंपनीकडे चौदा दिवसांत अर्ज करायचा असतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याचा स्वतःचा असतो, ती गाडीबरोबर येत नाही आणि तेवढ्या फरकाचा हप्ता भरावा लागतो. म्हणजे आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) आणि पॉलिसी दोन्ही दिल्लीवाल्याच्या नावावर असताना पेठ नाक्याजवळ गाडी ठोकली, तर पैसे पुतण्याने मोजलेले, गाडी पुतण्याची मोडलेली आणि नुकसानभरपाई मागण्याचा हक्क मात्र त्याला नाही. असे दावे नामंजूर होताना मी नेहमी पाहतो. तिसरी गोष्ट अशी की तो अनोळखी मालक उद्या वारला, तर सही केलेल्या त्या फॉर्मांवर हस्तांतरण होत नाही आणि वारसांच्या मागे दिल्लीला खेटे घालावे लागतात.

आमच्या भागात या गैरसमजाला एक स्थानिक कारण आहे. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई (सोने-चांदी गाळण्याचे) व्यावसायिक देशभर पसरलेले आहेत, त्यामुळे दिवाळीला आणि यात्रेला गावात परराज्यांच्या पासिंगच्या गाड्या रांगेने उभ्या असतात, आणि त्या पाहून तरुणांना वाटते की अशी गाडी कितीही वर्षे चालवता येते. ती माणसे त्या त्या राज्यांत राहतात, गाडी त्यांच्याच नावावर असते आणि सण उरकला की ती परत जाते. विट्यात राहून विट्यातच गाडी वापरणाऱ्याला ते उदाहरण लागू पडत नाही.

दिल्लीची गाडी स्वस्त का मिळते, तेही संदेशात सांगितलेले नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2015 मध्ये दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांना दिल्ली परिसरात बंदी घातली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांबाबत ती कायम केली. त्या आदेशांत पुढे शिथिलता आली असली, तरी त्या धास्तीने गाड्या बाहेर काढण्याचा बाजार तयार झाला तो झालाच. अशी गाडी घ्यायचीच असेल तर परिवहन खात्याच्या पोर्टलवर तिची नोंदणी चालू स्थितीत आहे का, कर्जाचा बोजा आहे का आणि आधी किती मालक झाले, हे पाहावे. दिल्लीची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र), म्हणजे फॉर्म 28, हाती आल्याशिवाय सांगलीचा एमएच-10 क्रमांक मिळण्याचा मार्ग नाही. त्यानंतर गाडीचे वय जमेस धरून महाराष्ट्राचा एकरकमी कर भरावा लागतो आणि त्यात गाडीची मूळ किंमत पाहिली जाते, तुम्ही दिलेली स्वस्त किंमत नव्हे. हा कर मिळवला की दिल्लीचे स्वस्तपण बरेचसे आटते.

पुराच्या गाडीविषयीचा सल्ला सांगलीत फिरावा याचे मला विशेष वाईट वाटते. 2005, 2019 आणि 2021 चे महापूर आपण पाहिले आहेत. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती आणि पाणी ओसरल्यावर गाड्यांच्या आतून किती गाळ निघाला, हे इथल्या माणसाला सांगावे लागू नये. दुरुस्तीचा खर्च विम्यात ठरलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की कंपनी गाडी संपूर्ण नुकसानीत काढते, मालकाला पैसे मिळतात आणि ती गाडी बोली लावणाऱ्याला भंगार म्हणून विकली जाते. ज्या गाडीची नोंदणी त्या वेळी रद्द होत नाही, ती धुऊन, सीट कव्हर बदलून आणि सुगंधी फवारा मारून दुसऱ्या शहरातल्या डीलरच्या दारात उभी राहू शकते.

जुन्या साध्या गाडीत पाणी गेले तर वायरिंग वाळवून काम भागत असे. या सेडानांमध्ये मात्र गालिच्याखाली, सीटखाली आणि डिकीच्या तळाशी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतात, अनेक बीएमडब्ल्यूंची बॅटरीही डिकीत असते आणि एअरबॅगचे नियंत्रण करणारे युनिट गाडीच्या मध्यभागी, खालच्या पातळीवर असते. कनेक्टरच्या पिनांवर गंज हळूहळू चढतो, त्यामुळे चाचणीच्या दिवशी सगळे दिवे व्यवस्थित लागतात आणि बिघाड काही महिन्यांनी, एकेक करून, सुरू होतात. अपघाताच्या क्षणी एअरबॅग उघडेल की नाही, याची खात्री अशा गाडीत कोणीही देऊ शकत नाही.

गाडी पाहायला गेल्यावर पुढचा सीट बेल्ट सावकाश शेवटपर्यंत ओढावा. पट्टीचा जो भाग नेहमी गुंडाळलेला असतो, त्याच्यावर मातकट रेघ किंवा चिखलाचा कण सापडतो, कारण सीट बदलणारा माणूस बेल्ट सहसा बदलत नाही. मग सीट मागे सरकवून रुळाचे बोल्ट टॉर्चच्या उजेडात पाहावेत, गालिचा कोपऱ्यातून उचलून खालच्या फोमला हात लावावा आणि डिकीतले आच्छादन काढून तळाशी गाळाचा थर आहे का ते पाहावे. डीलर हे करू देत नसेल तर गाडी तिथेच सोडावी.

उरलेले दावे थोडक्यात. डिजिटल मीटरमधला आकडा डायग्नोस्टिक सॉकेटला यंत्र जोडून किंवा मीटरमधली चिप बदलून सहज कमी करता येतो. बीएमडब्ल्यूच्या चावीतही किलोमीटर नोंदलेले असतात, म्हणून मीटर, चावी आणि अधिकृत वर्कशॉपमधला सर्व्हिसचा इतिहास हे तिन्ही ताडून पाहावेत. दोनशे मुद्द्यांची तपासणी कोणी केली, हेही विचारायला हवे. बीएमडब्ल्यू, ऑडी आणि मर्सिडीज या कंपन्यांच्या स्वतःच्या प्रमाणित जुन्या गाड्यांच्या योजना आहेत, त्यांतली तपासणी आणि वॉरंटी आणि रस्त्याकडेच्या डीलरने छापलेला कागद यांना एका मापाने मोजणे चुकीचे आहे. दोन्हींतही वॉरंटीतून काय वगळले आहे ते पान आधी वाचावे.

जीएसटी वाचवण्यासाठी बिल न घेण्याचा सल्ला तर सरळ फसवणुकीला आमंत्रण आहे. जुन्या गाडीवरचा 18 टक्के कर गाडीच्या पूर्ण किमतीवर नसतो, डीलरच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर असतो. बिल नसेल तर जिल्हा ग्राहक आयोगात व्यवहार सिद्ध करणे कठीण होते. पन्नास लाखांपर्यंतच्या व्यवहारांच्या तक्रारी तिथे करता येतात आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते.

डीलरवर विश्वास ठेवण्यासाठी शासनाने एक साधन दिले आहे आणि नेमके त्याचेच नाव संदेशात नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर 2022 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून फॉर्म 29बी हे अधिकारपत्र घ्यावे लागते आणि ते पाच वर्षे चालते. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की फॉर्म 29सीने तशी ऑनलाइन सूचना द्यायची असते. मग त्या काळातली जबाबदारी डीलरची ठरते, आणि एनओसी व हस्तांतरणाचा अर्ज तो स्वतः करू शकतो. गाडी देणाऱ्यालाही हे तितकेच महत्त्वाचे आहे. पुतण्या आपली जुनी स्विफ्ट याच डीलरला देणार होता, तीही नुसत्या टीटी फॉर्मवर सह्या करून, म्हणजे वर सांगितलेल्या निकालातल्या पहिल्या मालकाच्या जागी तो स्वतः जाऊन बसणार होता.

टोकन तूर्त थांबवले आहे. डीलरकडे तीन कागद मागितले आहेत: त्याचे 29बी अधिकारपत्र, त्या थ्री सिरीजचा 29सी आणि दिल्लीच्या आरटीओची एनओसी. ते आले तर बेल्ट ओढून पाहायला मी स्वतः त्याच्याबरोबर पुण्याला जाणार आहे, आणि स्विफ्ट देताना तिचाही 29सी भरून घेणार आहे. कागद आले नाहीत तर तो व्यवहार रद्द, असे त्याने वहिनींसमोर कबूल केले आहे.