खुलासा: महास्फोट आणि बायबल

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: 'महास्फोटाचा सिद्धांत नास्तिकांनी बायबल खोटं पाडायला रचला.' महास्फोटाचा सिद्धांत म्हणजे विश्वाची सुरुवात एका अतिदाट, अतितप्त अवस्थेतून झाली आणि ते तेव्हापासून प्रसरण पावतंय, ही कल्पना. ती नास्तिकांनी रचली हे साफ चुकीचं आहे. १९२७ मध्ये प्रसरण पावणारं विश्व गणिताने मांडणारे आणि १९३१ मध्ये 'आद्य अणू'ची (सगळं विश्व एका मूळ अणूतून निघालं, ही) कल्पना सुचवणारे जॉर्ज लमेत्र बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. १९३३ च्या फोटोत ते आइनस्टाइनसोबत उभे आहेत, गळ्याशी पाद्रींची पांढरी कॉलर.

उलट 'बिग बँग' (महास्फोट) हे नाव १९४९ मध्ये रेडिओवर वापरणाऱ्या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांना तो सिद्धांत मान्यच नव्हता. त्यांचे शिष्य, आपल्या पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभारणारे जयंत नारळीकर, यांनीही त्यावर सतत शंका घेतल्या, त्या विज्ञानाच्याच आधारे.

मेसेजखाली कुणीतरी लिहिलंय, 'म्हणजे बायबल सिद्ध झालं!' तेही नाही. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी आपल्या भाषणात या सिद्धांताची सांगड थेट देवाने केलेल्या निर्मितीशी घातली, तेव्हा खुद्द लमेत्र अस्वस्थ झाले. आपलं गणित श्रद्धेचा पुरावा म्हणून वापरलेलं त्यांना नको होतं. मला त्यांचा हाच प्रामाणिकपणा सगळ्यात मोठा वाटतो.