‘बाईनं सही केली होती’ म्हणून कंपनी सुटत नाही

गर्भनिरोधक साधनामुळे बायकांना इजा झाल्याची बातमी आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो : ‘सरकारी मान्यता होती, बाईनं सही केली होती. दुष्परिणाम कशाला नसतात? तक्रारी आल्यावर कंपनीनं विक्री थांबवलीच ना! खटले भरत राहिलात तर नवी साधनं कोणी बनवणार नाही.’ यातला एकही मुद्दा टिकत नाही.

आधी मान्यता. डाल्कन शील्ड हे तांबीसारखं गर्भाशयात बसवायचं साधन अमेरिकेतल्या ए. एच. रॉबिन्स कंपनीनं 1971 मध्ये विकायला काढलं, तेव्हा तिथं अशा उपकरणांना विक्रीपूर्व मान्यता लागतच नव्हती. तो कायदा 1976 चा. ‘एशुअर’ला (कायमच्या गर्भनिरोधासाठी गर्भनलिकांत बसवायची धातूची स्प्रिंग) 2002 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेची मान्यता मिळाली होती, हे खरं, पण 2016 मध्ये त्याच नियामक संस्थेनं त्यावर ठळक इशारा छापायला लावला.

सहीचा मुद्दा मला सगळ्यात संतापजनक वाटतो. शील्डमुळे गर्भ राहण्याचं प्रमाण फक्त 1.1 टक्का, असं ह्यू डेव्हिस या डॉक्टरांनी 1970 मध्ये छापलं. पाहणीतल्या बायकांचा वापर सरासरी साडेपाच महिन्यांचा. साधनात डॉक्टरांची स्वतःची भागीदारी होती, आणि लेखात त्याचा उल्लेखच नव्हता. मग बाईनं संमती दिली ती कशाला?

आणि ज्याला दुष्परिणाम म्हणून सोडून देतात, तो बनावटीतला दोष होता. इतर साधनांना सहसा एकेरी दोरा असे. शील्डच्या दोऱ्यात शेकडो बारीक तंतू एका नायलॉनच्या आवरणात भरलेले, आणि आवरणाची दोन्ही टोकं उघडी. योनीमार्गातला ओलावा, त्याबरोबर जंतूही, त्यातून वर गर्भाशयात शोषले जाऊ शकत होते. गुणवत्ता तपासणाऱ्या कर्मचाऱ्यानं 1971 मध्येच हे वरिष्ठांना सांगितलं, टोकं उष्णतेनं बंद करा असंही सुचवलं. कोणी ऐकलं नाही. पुढे शील्ड आत असताना गर्भ राहिलेल्या काही बायका जंतुसंसर्गाच्या गर्भपातानं दगावल्या, कित्येकींना वंध्यत्व आलं.

विक्री थांबवली म्हणता? अमेरिकेत 1974 मध्ये थांबवली, तीही नियामकानं सांगितल्यावर. ज्यांच्या शरीरात शील्ड आधीच होतं त्यांचं काय? ते काढून टाका, असं पत्र डॉक्टरांना गेलं 1980 मध्ये. काढण्याचा खर्च देऊ, अशा जाहिराती आल्या 1984 मध्ये. पुढच्या वर्षी कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. तीन लाखांहून जास्त दावे आले.

राहिला खटल्यांचा मुद्दा. 1986 पर्यंत अमेरिकेतल्या बहुतेक कंपन्यांनी खटल्यांच्या धास्तीनं आपापली साधनं मागे घेतली, हे मी नाकारत नाही. पण ती धास्ती शील्डनं पेरली, इजा सोसलेल्या बायकांनी नव्हे. शिवाय 1988 मध्ये तिथं कॉपर-टी 380ए विक्रीला आली : एकपदरी तंतूचा दोरा, आणि बसवण्याआधी बाईनं वाचून सही करायचं सविस्तर माहितीपत्रक. ती आजही वापरात आहे.