पोर्टल आहे, पण सांगणारं कोण?

मावसभावाने फॅमिली ग्रुपवर निकालच देऊन टाकला: ‘आपले सरकार’ या सरकारी पोर्टलवर सगळं आहे, तरी लोक एजंटकडे जातात, कारण वाचायचा कंटाळा. निमित्त आमच्या धाकट्या मावशीचं. नातीच्या प्रवेशासाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला तिने तहसीलीबाहेरच्या टपरीवाल्याकडून काढून घेतला आणि सरकारी फीच्या कितीतरी पट पैसे दिले. मी मावशीची बाजू घेतली, तर लगेच ऐकवलं, ‘‘ताई, तू तिकडे बसून बोलू नकोस. इथे सही असलेला सातबारा पंधरा रुपयांत मोबाइलवर मिळतो. तुमच्याकडे अजून पोस्टाने पत्रं येतात.’’

मी ब्रिटनमध्ये राहते. इथे पत्रं येतात, खरं आहे. सरकारी पत्राचा ब्राउन लिफाफा दारात पडला की माझ्या पोटात अजूनही गोळा येतो. आणि सातबाऱ्याचं कौतुक मलाही आहे. पण कागद मोबाइलवर मिळणं वेगळं आणि कोणता कागद काढायचा हे कळणं वेगळं. मावशीचं घोडं दुसऱ्या ठिकाणी अडलं होतं. तिला ना पगार, ना शेती, नवरा नाही, मुलगा रोजंदारीवर. अशा घराचं उत्पन्न कुणी, कशावरून लिहून द्यायचं, हे तिला विचारायचं होतं. टपरीवाल्याने ते सांगितलं. त्याचे पैसे त्याने घेतले.

इथे ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१२मध्ये गव्ह डॉट यूके ही सरकारची वेबसाइट सुरू झाली. नागरिकांची एक साइट आणि व्यावसायिकांची दुसरी, अशा दोन जुन्या साइट्स तिच्यात विलीन केल्या आणि मग एकेक सरकारी खातं आत ओढलं. त्यामागचा विचार साधा: आपलं काम कुठल्या मंत्रालयाकडे आहे, हे माणसाला माहीत असायची गरज नाही. शेजारच्या बाईंचे यजमान गेले, तेव्हा मी त्यांच्यासोबत तिथलं त्यासाठीचं पान उघडलं होतं. कुणी वारलं तर आधी काय, मग काय, अशा पायऱ्या. मृत्यूची नोंद करताना रजिस्ट्रारने त्यांना एक नंबर दिला. ‘टेल अस वन्स’ नावाची सोय आहे. त्या एका नंबरावर पेन्शन, पासपोर्ट, लायसन्स, कौन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) सगळ्यांना निरोप गेला.

बाबा गेले तेव्हा आम्ही काय केलं ते आठवतं. दाखल्याच्या झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आई आणि मी फिरत होतो. वारस नोंद तलाठ्याकडे, लाइट बिल वेगळीकडे, रेशन कार्ड वेगळीकडे, बँक, पेन्शन. प्रत्येक खिडकीवर बाबा नव्याने वारल्याचं सांगावं लागलं. आई शेवटी शेवटी खुर्चीवर बसून राहायची आणि म्हणायची, तूच सांग.

‘तेव्हा ऑनलाइन नव्हतं,’ हे मावसभावाचं उत्तर तयार असतं. मग त्याला महाराष्ट्राच्या लोकसेवा हक्क कायद्याची आठवण करून दिली. २०१५चा आहे आणि कागदावर अगदी उत्तम आहे. कुठली सेवा, किती दिवसांत, फी किती, अधिकारी कोण, अपील कुणाकडे, हे प्रत्येक कार्यालयाने फलकावर लावायचं. विनाकारण उशीर केला तर पाचशे ते पाच हजार रुपये दंड. विचारलं, आपल्या तहसीलीत हा फलक कुठल्या भिंतीवर आहे? त्याला माहीत नव्हतं. तो तहसीलीत गेलेलाच नाही. त्याची असली कामं ऑफिसातला मुलगा करतो!

लाडकी बहीण योजनेचंच बघा. २०२४च्या जुलैत अर्ज सुरू झाले आणि अटी काही दिवसांतच बदलल्या: वय साठचं पासष्ट झालं, पाच एकरांची अट गेली, अधिवास दाखल्याऐवजी जुनं रेशन कार्ड चालेल असं ठरलं. बदल चांगले होते. पण आधीच्या अटी वाचून घरी परतलेल्या बाईला ते कोण सांगणार? पुढे ई-केवायसी आली, त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला. दोघेही नसतील तर ओटीपी कुणाच्या फोनवर यायचा? विधवांची ओरड झाल्यावर वाट काढली गेली. मधल्या काळात त्या कुठे गेल्या असतील? टपरीवरच.

सल्ला द्यायला माणूस लागतो, हे इंग्रजांना वेबसाइटच्या कितीतरी आधी कळलं होतं. ३ सप्टेंबर १९३९ला युद्ध जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी सिटिझन्स ॲडव्हाइसची दोनशे केंद्रं उघडली. हरवलेले नातेवाईक, कर्ज, रेशन, काहीही विचारा. संस्था आजही आहे, सल्ला आजही फुकट.

इतके इथले गोडवे गायल्यावर हेही सांगते. २०२४ संपताना आमची राहण्याच्या परवान्याची कार्डं बाद झाली आणि सगळं ई-व्हिसावर, म्हणजे ऑनलाइन नोंदीवर गेलं. घर भाड्याने घ्यायचं तर घरमालकाला ती नोंद दाखवायला शेअर कोड काढायचा, तो नव्वद दिवस चालतो. सूचना सोप्या इंग्रजीत, चित्रासारख्या स्पष्ट. तरी मंडळाच्या दिवाळीत दोन आजोबा फाइल घेऊन माझ्याकडे आले. पासपोर्टवर जुना शिक्का, त्याचा ई-व्हिसा कसा करायचा? ते आळशी नाहीत, एक तर निवृत्त इंजिनिअर आहेत. त्यांना फक्त कुणीतरी शेजारी बसायला हवं होतं. मी बसले. फी म्हणून चिवडा मिळाला. तेव्हा इथली टपरीवाली मीच.

आणि तिकडची माझी कामं? तोच टपरीवाला करतो. फोनमध्ये त्याचं नाव ‘दाखलेवाला’ आहे. त्याला एकदा विचारलं, फलक लागला तर धंदा बसेल ना? म्हणाला, ‘‘नाही ताई. फलकावर काय कागद लागतात ते असतं. तो कागद नसला तर काय करायचं, ते विचारायला लोक माझ्याकडेच येणार.’’

‘तिकडे बसून बोलू नकोस’ हे लागतं, त्याचं कारण मला ठाऊक आहे. भारतीय पासपोर्टवर, राष्ट्रकुलातली म्हणून, मी इथे कौन्सिलला आणि पार्लमेंटला मत देते. पोलिंग कार्ड पोस्टाने घरी येतं, त्याच बदनाम पोस्टाने. भारतात मत द्यायचं तर अनिवासींचा सहा-अ अर्ज भरून, मतदानाच्या दिवशी स्वतः केंद्रावर हजर व्हायचं. मी तो अर्जही भरलेला नाही. म्हणजे ज्या तहसीलीवर मी ग्रुपवर तोंडसुख घेते, तिथलं काही बदलायचा अधिकारही मी वापरत नाही, आणि जिथे वापरते तिथलं भांडण मला कधी आपलं वाटलंच नाही. तरीही आई तिथे राहते, बाबांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून माझं नाव लागलंय. मी बोलणार.