दीड फुटाच्या जोत्याला 5 फुटांचा रॅम्प पुरत नाही

‘ग्रामपंचायत कार्यालयाच्या पायऱ्यांवर सिमेंटचा उतार ओतला की 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं काम झालं,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. उतार 1:12 पेक्षा, म्हणजे 1 फूट उंचीला 12 फूट लांबीपेक्षा, उभा नको; म्हणून दीड फुटाच्या जोत्याला किमान 18 फूट लांबी, दोन्ही बाजूंना कठडा. 5 फुटांत उतरवलेल्या रॅम्पवर व्हीलचेअर मागे उलटते, आणि पडतो तो आपलाच कर्मचारी.

आपल्याकडे खरी गोम काळ्या मातीची. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. रॅम्प जोत्यापासून सुटतो आणि त्या बोटभर फटीत व्हीलचेअरचं पुढचं लहान चाक अडकतं. म्हणून आधी काळी माती काढा, मुरूम थराथराने ठोकून भरा. वर गुळगुळीत फरशी नकोच. ओल्या सिमेंटवर खराट्याने आडव्या रेघा ओढा.