टिनियनच्या तळावर गवत उगवत नाही म्हणे!

ऑगस्ट आला की हा फॉरवर्ड येतोच: ‘हिरोशिमाचा बॉम्ब प्रशांत महासागरातल्या टिनियन बेटावरच्या जपानी तळावरून पूर्ण सज्ज होऊन उडाला. किरणोत्सर्गामुळे तिथं आजही गवत उगवत नाही, माणसाला प्रवेश नाही.’ यंदा तो नववीतल्या भाचीच्या प्रकल्पवहीत शब्दशः उतरलाय.

आधी गवताचं. बॉम्ब टिनियनवर फुटलाच नाही, तर किरणोत्सर्ग आला कुठून? घातक राख तयार होते ती स्फोटात अणू फुटल्यावर. न फुटलेलं युरेनियम त्या मानानं मंद. आणि तळाची खरी अडचण नेमकी उलटी आहे. धावपट्ट्या झाडोऱ्यानं गिळल्या, त्यात मुख्य कोण, तर सुबाभूळ. आपल्या बांधावरची तीच. हल्ली अमेरिकी हवाई दलाला पट्ट्या पुन्हा वापरात आणण्यासाठी आधी जंगल तोडावं लागलं. बॉम्ब चढवायचे दोन खड्डे काचेखाली जपलेत, पर्यटक फोटो काढतात. सराव असला की रस्ते बंद होतात, कारण बेटाचा उत्तरेकडचा मोठा भाग अमेरिकी लष्कराकडे भाड्यानं आहे. ‘प्रवेश नाही’मध्ये खरं असेल तर एवढंच.

खड्डे कशाला? बॉम्ब ३ मीटर लांब, सुमारे ४,४०० किलो. बॉम्ब वाहून नेणाऱ्या बी-२९ विमानाचं पोट जमिनीपासून इतकं कमी उंच, की तो खालून सरकवता येईना. म्हणून बॉम्ब खड्ड्यात उतरवायचा, विमान मागं ढकलत वर आणायचं आणि हायड्रॉलिक लिफ्टनं बॉम्ब पोटात चढवायचा.

आता ‘पूर्ण सज्ज’. इथं विमानात बॉम्बची जबाबदारी असलेल्या विल्यम पार्सन्सची उड्डाणनोंद पुरेशी आहे. ६ ऑगस्ट १९४५: २:४५ उड्डाण, ३:०० स्फोटक दारू भरायला सुरुवात, ३:१५ काम संपलं, ७:३० लाल प्लग (बॉम्बचं विजेचं मंडल जोडून तो सज्ज करणारे) बसवले, ९:१५ बॉम्ब सोडला (टिनियनची वेळ, जपानात ८:१५). म्हणजे उडताना बॉम्बमध्ये दारूच नव्हती. आत तोफेची नळी होती: कॉर्डाइट, म्हणजे ही दारू, पेटलं की युरेनियमचा एक तुकडा दुसऱ्यावर आदळणार. त्याआधी तळावर उडताना बी-२९ कोसळून जळाली होती. भरलेला बॉम्ब तशा आगीत सापडला असता तर अर्धं बेट गेलं असतं. म्हणून पार्सन्सनं हवेत, अरुंद जागेत मागचं झाकण काढलं, चिलखती पत्रा काढला, पान्यानं नळीचं बूच उघडलं, कॉर्डाइटचे चार भाग लाल टोक बुचाकडे ठेवून सारले, बूच घट्ट केलं, तार जोडली, पत्रे परत लावले.

नागासाकीच्या बॉम्बपुरतं मात्र फॉरवर्डवाल्यांचं ‘पूर्ण सज्ज’ बरंचसं मान्य करावं लागेल. त्याची रचना तोफेची नव्हे, गोलाकार; प्लुटोनियम (त्याचं अणुइंधन) आधीच आत. हवेत बदलायचे होते फक्त प्लग.

‘जपानी तळ’? धावपट्टी जपान्यांची होती खरी, पण बेट १९४४ मध्ये अमेरिकेनं घेतलं आणि नौदलाच्या बांधकाम तुकड्यांनी तिथं प्रवाळ फोडून प्रत्येकी ८,५०० फुटांच्या चार पट्ट्या केल्या. बॉम्ब लादलेलं बी-२९ जुन्या आखूड पट्टीवरून उठलंच नसतं.