लॉगिन पेज लावलं म्हणून वायफाय सुरक्षित होत नाही

कोल्हापुरात महाद्वार रोड, भवानी मंडप परिसरातल्या लॉजमालकांत एक मेसेज फिरतोय: ‘वायफायचा पासवर्ड काढा, ओटीपीचं लॉगिन पेज लावा, नेटवर्क शंभर टक्के सुरक्षित. ब्राउझरनं इशारा दिला तर गिऱ्हाइकाला “तरीही पुढे जा” दाबायला सांगा.’ मी ही यंत्रणा बसवण्याचंच काम करतो. कळकळीनं सांगतो, असं करू नका.

शंभर टक्के सुरक्षित? लॉगिन पेज फक्त आत कुणाला सोडायचं ते ठरवतं. ओटीपी जुळेपर्यंत वायफायवर नियंत्रण ठेवणारं डिव्हाइस डीएचसीपी (मोबाइलला नेटवर्कवरचा पत्ता देणं) आणि डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणं) तेवढं जाऊ देतं आणि साधी एचटीटीपी, म्हणजे उघडी जाणारी, विनंती लॉगिन पेजकडे वळवतं. ओटीपी जुळला की बहुतेक ठिकाणी त्या मोबाइलच्या मॅक पत्त्याला (वायफायवर तो ओळखायच्या क्रमांकाला) वाट मोकळी होते. पण पासवर्ड काढलाय, म्हणजे हवेतून जाणारी माहिती झाकणारं एन्क्रिप्शनही गेलं. बँकेचं पान एचटीटीपीएसमुळे (ब्राउझर ते संकेतस्थळ या वाटेवरच्या एन्क्रिप्शनमुळे) झाकलेलं राहतं, तरी भाविकानं कुठली संकेतस्थळं उघडली ते शेजारच्या खोलीतल्या लॅपटॉपला टिपता येतं. त्याचा मॅक पत्ताही टिपून स्वतःला लावता येतो. मग ओटीपी एकाचा, वापर भलत्याचाच, आणि नोंद त्या बिचाऱ्या भाविकाच्या नंबरावर.

पासवर्ड काढायची गरजही नसते. अनेक कंट्रोलरवर, म्हणजे अशा नियंत्रक डिव्हाइसवर, डब्ल्यूपीए३ या वायफाय सुरक्षेच्या नव्या पद्धतीचा पासवर्ड ठेवूनच लॉगिन पेज लावता येतं. काउंटरवर लिहून ठेवला तरी त्या पासवर्डानं दुसऱ्याची टिपलेली माहिती उलगडत नाही. आधीच्या डब्ल्यूपीए२ मध्ये ही हमी नाही, तरी उघड्या वायफायपेक्षा ते बरंच.

सगळ्यात घातक तो ‘पुढे जा’चा सल्ला. लॉगिन पेज दाखवायला डिव्हाइस एचटीटीपीएसची विनंती मध्येच अडवून स्वतःचं प्रमाणपत्र, म्हणजे संकेतस्थळाच्या ओळखीचा डिजिटल दाखला, पुढे करतं. ते बँकेच्या नावाशी जुळत नाही, म्हणून ब्राउझर ओरडतो, आणि त्याचं बरोबरच आहे. आपल्या लॉजवर ही सवय लागलेला माणूस उद्या खऱ्या फसवणुकीच्या वेळीही तेच बटण दाबेल.

पोर्ट ४४३, म्हणजे एचटीटीपीएसची वाट, लॉगिन पेजकडे वळवायचं बंद करा. वायफायला जोडताच अँड्रॉइड स्वतःच साध्या एचटीटीपीनं चाचणीचं एक पान मागतो. २०४ हा ठरलेला उत्तराचा कोड येण्याऐवजी विनंती वळवली गेली, की लॉगिनची सूचना आपोआप येते. आयफोनचंही असंच चालतं. लॉगिन पेज मात्र आकडी आयपी पत्त्यावर ठेवू नका. स्वतःचं डोमेन घ्या, त्यावर मान्यताप्राप्त प्रमाणपत्र बसवा आणि त्याची मुदत संपायची तारीख काउंटरच्या कॅलेंडरवर लिहा.